पाय पडला नाय!

आमच्या म्हसळ्यात दोन गोष्टींचा दुसरा भाग जाहिरात न करता येतो. एक रस्त्यावरच्या खड्ड्यांचा आणि दुसरा गणपतीतल्या पाहुण्यांचा. पहिल्या भागात ज्यांनी हाडं खिळखिळी केली तेच कलाकार, तीच जागा, तोच पाऊस. फक्त खर्च वाढलेला. तरी आम्ही दरवर्षी दोघांचंही स्वागत करतो, कारण दोघेही आपलेच.

गेल्या गणपतीत नालासोपाऱ्याचा भाचा आला. नालासोपारा म्हणजे आमच्या माणसांची दुसरी वाडी. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा हा भाचा चौथीत होता. आता तो शिकून नोकरीला लागला, महामार्ग अजून शिकतोच आहे. माणगावला वळून, मोर्बा आणि साई मागे टाकून, घोणसे घाटाची वळणं खात तो पहाटे घरी पोचला, तेव्हा त्याच्या कमरेला असे काही झटके बसले होते की प्रभुदेवानेही वही काढून टिपून घेतले असते.

दुसऱ्या रात्री, आरती आटपल्यावर त्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि जाहीर केलं, "मामा, आज आमच्या नालासोपाऱ्याच्या पोरांचा पिक्चर."

पिक्चर होता 'एबीसीडी २'. रेमो डिसूझाचा, १९ जून २०१५ ला आलेला. २०१३ च्या 'एबीसीडी'चा दुसरा भाग, म्हणजे 'एनीबडी कॅन डान्स'चा. नावावरूनच लेखकाने मला तालमीत पाहिलेलं नाही हे कळतं, पण ते पुढे. वसई-नालासोपाऱ्याकडच्या सुरेश मुकुंद आणि व्हर्नन माँटेरो या दोन पोरांनी नाचाचा ग्रुप उभा केला, टीव्हीवरच्या स्पर्धा जिंकल्या आणि ते थेट लास वेगासच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत जाऊन नाचले. त्यांच्यावरून बेतलेली ही गोष्ट. पडद्यावर वरुण धवन, श्रद्धा कपूर, प्रभुदेवा. सगळं थ्रीडीत. धंदा शंभर कोटींच्या वर.

मी कात्रणं जमवणारा माणूस. घरात रेशनकार्ड सापडणार नाही, पण २०१५ ची सिनेपरीक्षणं सापडतील. भाचा वायर जोडत होता तोवर मी फाइल काढली. समीक्षकांचं या सिनेमाबद्दल जे एकमत झालं होतं, तसं आमच्या ग्रामसभेत चहा घ्यायचा की नाही यावरसुद्धा होत नाही. नाच झकास. थ्रीडी छान. कथा ठरावीक. लांबी जास्त. भावना वरवरच्या. मग गंमत म्हणून पहिल्या भागाची परीक्षणं काढली. नाच झकास. थ्रीडी छान. कथा ठरावीक. म्हणजे दुसरा भाग पहिल्यासारखाच निघाला अशी तक्रार करणाऱ्यांनी परीक्षणाचाही दुसराच भाग छापला होता, आणि त्यातही नवीन काही नव्हतं.

होतकरू समीक्षकांच्या सोयीसाठी मी एक कायमचा मसुदा करून ठेवला आहे. रिकाम्या जागा भरल्या की झालं.

"पहिल्या भागाच्या यशानंतर अपेक्षा उंचावलेल्या असताना '............ २' हा सिनेमा नृत्याच्या बाबतीत डोळ्यांचं पारणं फेडतो, मात्र पटकथेच्या पातळीवर कमी पडतो. पूर्वार्ध वेगवान, उत्तरार्ध रेंगाळतो. कात्री अधिक चालायला हवी होती. ............चा अभिनय ठीक. संगीत श्रवणीय. पहिल्या भागाची जादू मात्र नाही. अडीच स्टार."

हा मसुदा साता समुद्रापलीकडेही चालतो, हे अभिमानाने सांगतो. अमेरिकेत १९८४ साली 'ब्रेकिन' नावाचा नाचाचा सिनेमा मे महिन्यात आला आणि त्याचा दुसरा भाग 'इलेक्ट्रिक बूगलू' डिसेंबरात. आमचं भात पेरून, लावून, कापून, झोडून होईतो त्यांनी अख्खा सिनेमा उगवून कापला. त्याचं नाव असं काही गाजलं की आजही तिकडे कशाच्याही फालतू दुसऱ्या आवृत्तीला थट्टेने 'इलेक्ट्रिक बूगलू' म्हणतात. त्याआधी १९८३ साली 'सॅटर्डे नाइट फीव्हर'चा दुसरा भाग आला, 'स्टेइंग अलाइव्ह'. दिग्दर्शक कोण, तर सिल्व्हेस्टर स्टॅलोन. बॉक्सिंगवाल्याला नाचाचा सिनेमा करायला दिला म्हणजे आमच्याकडे पखवाजवाल्याला जेसीबी दिल्यासारखं. समीक्षकांनी तो एकमुखाने आपटला, लोकांनी रांगा लावून पाहिला. 'स्टेप अप'वाल्यांनी तर २००६ ते २०१४ या काळात पाच सिनेमे काढले. पाचही वेळा गरीब पोरं, मोठी स्पर्धा, शेवटी नाच. समीक्षकांनी पाचही वेळा लिहिलं, कथा ठरावीक. कोण कोणाची नक्कल करत होतं हे आता शोधून सापडायचं नाही.

मराठीतही भाग दोनचं पीक जोरात आहे. 'नवरा माझा नवसाचा'च्या पहिल्या भागात गणपतीपुळ्याला एसटी गेली, २०२४ च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे गेली. तिसऱ्या भागात महामार्ग घेतला तर तो सिनेमा संपायचाच नाही, सबब निर्मात्यांना नम्र सूचना. शांतारामबापूंनी मात्र १९७२ साली 'पिंजरा' काढला आणि हात झटकून मोकळे झाले. आजचा काळ असता तर 'पिंजरा २' मध्ये तमाशातली चंद्रकला लास वेगासला गेली असती, आणि उत्तरार्ध रेंगाळला म्हणून अडीच स्टार घेऊन परत आली असती.

असो. पिक्चर सुरू झाला. प्रेक्षकांत भाचा, मी, चार पोरं आणि आमची आते. आतेचं वय किती हे तिला ठाऊक नाही. आधार कार्डावर आहे ते तिला मान्य नाही. आयुष्यात तिने थिएटर फार पाहिलं नाही, पण नाच पाहिला. आमच्याकडचा नाच म्हणजे जाखडी. मुंबईवाले त्याला बाल्या नाच म्हणतात, कारण नोकरीला गेलेल्या आमच्या कुणबी गड्यांच्या कानात बाळ्या असायच्या. मधे शाहीर, ढोलकी, झांज आणि झील धरणारे. भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारी पोरं. पावसाळ्यात रात्रीच्या तालमी चालतात आणि गौरी-गणपतीत नाच घरोघर फिरतो. आतेचा बा नाचायचा, नवरा नाचायचा, दीर ढोलकी धरायचा. ती स्वतः उंबऱ्याच्या आतून बघायची, कारण बायांनी बाहेर यायचं नव्हतं. साठ-सत्तर वर्षं उंबऱ्यावरून नाच बघितला की माणसाचं जे होतं, त्याला शहरात समीक्षक म्हणत नाहीत, ही शहराची अडचण.

पहिलाच नाच संपला. भाच्याने कौतुकाने विचारलं, "आजी, कसा हाय?"

"पोरांचं पाय का दाखवत नायत रं?" आते म्हणाली.

आम्ही पुन्हा पाहिलं. खरंच. पोरगा उडी मारतो तेव्हा छाती दिसते. उतरतो तेव्हा चेहरा. मधेच घाम, मधेच प्रेक्षकांतली रडणारी बाई, मधेच थ्रीडीसाठी अंगावर फेकलेलं काहीतरी. डोळ्याचं पातं लवतंय तोवर चित्र बदलतं. पोरांनी घाम गाळून बसवलेला नाच कात्रीवाल्याने कोबीसारखा चिरलेला. आणि आमचे समीक्षक म्हणतात, कात्री अधिक चालायला हवी होती! हॉलीवूडचा जुना नाच्या फ्रेड अस्टेअर कॅमेरावाल्याला बजावायचा, मला डोक्यापासून पायापर्यंत दाखव आणि मधे तोडू नकोस. त्याच्यात आणि आतेत एवढाच फरक की त्याला कॅमेरावाला मिळाला.

थोड्या वेळाने तिची दुसरी शंका आली. "एवढी माणसं नाचतायत, गातंय कोण?"

भाच्याने सांगितलं, गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं.

"म्हंजी गाणारा घरी झोपलाय आन् ह्यांनी दम काढायचा?"

आता याला काय उत्तर द्यायचं? जाखडीत गाणारा रिंगणाच्या मधोमध असतो. नाच्यांचा दम पाहून तो कडवं लांबवतो किंवा आवरतं घेतो. श्वास एकाचा आणि पाय दुसऱ्याचा, असा व्यवहार तिथे नाही.

पिक्चरच्या गोष्टीत या पोरांवर आळ येतो की त्यांनी दुसऱ्याचा नाच चोरला. भर स्पर्धेत नाचक्की होते, लोक 'चीटर' म्हणतात, आणि तो डाग धुवायला ती लास वेगासला निघतात. आते ऐकता ऐकता हसायलाच लागली.

"नाच चोरला? मंग आमी काय केला? बा नाचला तसा ल्योक नाचला. येगळा नाचला आसता तं बा'नं चाळ काढून घेतली आसती."

ही गंमत कुठल्याही कात्रणात नव्हती. नक्कल केली म्हणून नायकाची बदनामी होते, अशी कथा सांगणारा सिनेमा स्वतःच्या पहिल्या भागाच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो: उपेक्षित पोरं, दुखावलेला गुरू, रुसवेफुगवे, स्पर्धा आणि गणपतीचं गाणं. तिथे कोणी 'चीटर' म्हणत नाही. तिथे त्याला फ्रँचायझी म्हणतात. आमच्या जाखडीलाही फ्रँचायझीच म्हणायला हवं. कित्येक पिढ्यांचे भाग झाले, एकही पोस्टर नाही.

आमच्याकडे समीक्षा नाही असं मात्र कोणी समजू नये. जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक शक्तीवाल्यांची आणि एक तुरेवाल्यांची अशा दोन पार्ट्या समोरासमोर असतात. आधी गण, मग गवळण, आणि त्यानंतर सवाल-जवाब. शक्तीवाल्याने घातलेलं कोडं तुरेवाल्याने गाण्यातच सोडवायचं, वर त्याच्या चालीतल्या, बोलीतल्या, पुराणातल्या चुका काढायच्या. त्याही गाण्यातच, ढोलकीच्या ठेक्यात, पहाटेपर्यंत. म्हणजे आमच्याकडे परीक्षण करणाऱ्याला स्वतःची नाचणारी पार्टी आणावी लागते. मुंबईतल्या समीक्षकांना हीच अट घातली तर शुक्रवारची पुरवणी निम्मी होईल आणि नाट्यगृहं भरतील. दुसरी अट बिदागीची. शहरात परीक्षण करणाऱ्याला पैसे मिळतात. आमच्याकडे ज्याला मत द्यायचंय तो खिशातून दहाची नोट काढून रिंगणात देतो, आणि शाहीर त्याचं नाव घेऊन दहा रुपयांची घोषणा करतो. मताला पदरचे पैसे पडायला लागले की स्टार आपोआप मोजून दिले जातात.

या कडक समीक्षेचा एक बळी तुमच्यासमोर हे सदर लिहितो आहे. सोळाव्या वर्षी मी तालमीला गेलो होतो. माझा डावा पाय म्हणजे उजव्या पायाचा भाग दुसरा होता: उशिरा यायचा आणि पहिल्याएवढा चालायचा नाही. तिसऱ्या रात्री आते सहज म्हणून डोकावली. रिंगण दोन फेरे फिरलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "पाय पडला नाय." दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे झांज दिली, चौथ्या दिवशी तीही काढून घेतली, आणि आठवडाभरात मी तालमीचा चहा करत होतो. मराठी पत्रकारितेला माझ्यासारखी माणसं अशीच मिळत आली आहेत.

'एबीसीडी २'कडे परत येऊ. तो अडीच तासांचा असल्याने परत यायला भरपूर वेळ आहे. पोरं लास वेगासला पोचली, शेवटचा नाच सुरू व्हायला आला, भाचा पुढे सरकून बसला, आणि लाइट गेली.

म्हसळ्याची लाइट हीही एक समीक्षकच. उत्तरार्ध कुठे आवरता घ्यावा हे तिला बरोबर कळतं.

अंधारात बसलो असताना वरच्या आळीकडून ढोलकी ऐकू आली. पोरांचा नाच आमच्या दारी येत होता. आजकालच्या जाखडीत बुटांना दिवे असतात, गवळणीला हिंदी सिनेमाची चाल असते, हे जुन्यांना रुचत नाही. पण त्या रात्री बाहेर मिट्ट काळोख, पावसाची झिमझिम, एकाच्या हातात बॅटरी. अंगणात रिंगण धरलं. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मोतीबिंदूवाल्या आतेला तर नाहीच नाही. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. चाळ वाजत होते, पायाखालचा चिखल चपचपत होता.

तीनचार फेरे झाले असतील. आते म्हणाली, "येक पोर मागं पडतंय. डाव्या अंगाचं. दमलंय, नायतर ताप हाय."

गाणं संपल्यावर मी बॅटरी घेऊन बाहेर गेलो. डाव्या बाजूचा पोरगा ओट्याच्या कडेला टेकून बसला होता. कपाळाला हात लावला तर तापलेलं.

आता सांगा. दोन डोळ्यांवर थ्रीडी चष्मा लावून, वातानुकूलित थिएटरात बसून, माझ्याकडच्या कात्रणांतल्या एकाही समीक्षकाला पडद्यावरच्या एका पोराचा एक पाय कसा पडतो हे सांगता आलं नव्हतं. नाचाच्या सिनेमावर हजार शब्द, त्यात नऊशे कथेवर. मिसळीचं परीक्षण करताना वाटीच्या नक्षीवर लिहावं तसं. कथा ठरावीक आहे हे खरंच आहे हो. पण नाचाच्या सिनेमाची कथा पायांत असते, आणि ती ना दिग्दर्शक दाखवतो, ना समीक्षक विचारतो. पुढच्या भागात पाय आणखी कमी आणि रोषणाई आणखी जास्त होते, ती या संगनमताने.

झालंही तसंच. तिसरा भाग २४ जानेवारी २०२० ला आला. निर्मितीतून डिस्ने बाहेर पडल्याने नाव बदलून 'स्ट्रीट डान्सर थ्रीडी'. पोरं या वेळी लंडनला. समीक्षकांनी मसुदा काढला, रिकामी जागा भरली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि घरांचे पत्रे, पोफळीची झाडं, विजेचे खांब चष्म्याशिवाय अंगावर आले. तेव्हापासून म्हसळ्यात थ्रीडीचं फारसं कौतुक राहिलेलं नाही.

खरा दुसरा भाग मात्र भलत्याच ठिकाणी झाला होता. २०१९ साली सुरेश मुकुंदचा ग्रुप 'द किंग्ज' या नावाने अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धेत उतरला आणि दहा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस घेऊन आला. त्या भागाला ना कथा ठरावीक म्हणून कोणी नाक मुरडलं, ना उत्तरार्ध रेंगाळला. पंचांना बिचाऱ्यांना नाच बघून गुण द्यायचे होते, त्यामुळे त्यांनी नाचच बघितला.

लाइट आली ती पहाटे. त्याआधी, कंदिलाच्या उजेडात, भाच्याने आतेला ही दहा लाख डॉलरची हकिकत सांगितली. वसईकडची साधी पोरं, चाळीत राहणारी, कशी शिकली, कशी गेली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने शहरी सवयीने विचारलं, "आजी, पिक्चरला किती स्टार?"

आतेने कनवटीची पुरचुंडी सोडली. एक दहाची नोट ती अंगणातल्या पोरांना आधीच देऊन चुकली होती, तापवाल्याला वेगळी. आता तिसरी काढली, गुडघ्यावर घासून सरळ केली आणि भाच्याच्या हातावर ठेवली.

"तुज्या गावची पोरं हायत ना? भेटली का दे. म्हणावं, म्हसळ्याच्या म्हातारीनं दिलीय. पाय दिसलं नायत, पण दम ऐकला."

अनंत चतुर्दशी झाली, भाचा परत गेला. नोट अजून त्याच्या मोबाइलच्या कव्हरात आहे.